चार क्वार्क, पाच क्वार्क : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात प्रोटॉनच्या आत काय असतं, म्हणजे क्वार्क नावाचे मूलकण, यावर लिहिलं होतं आणि जाता जाता एका ओळीत टेट्राक्वार्क-पेंटाक्वार्कचं (चार आणि पाच क्वार्कच्या कणांचं) नाव घेतलं होतं, तर सगळ्यात जास्त पत्रं त्या एका ओळीवरच आली. मला फार आनंद झाला. काही व्हॉट्सॲपवर आली, काही इथल्या इंदूरच्या रामबागेतल्या मैत्रिणींनी गोळा करून आणून दिली. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि बऱ्याच जणांनी नाव छापू नका लिहिलं म्हणून कोणाचंच नाव टाकलेलं नाही.

प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे, सुदामा नगरला राहते. आम्हाला शिकवलं की प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्ये तीन क्वार्क असतात आणि मेसॉनमध्ये एक क्वार्क एक अँटीक्वार्क. मग यूट्यूबवर चार आणि पाच क्वार्कचे कण दाखवतात ते कुठून आले? सरांना विचारलं तर म्हणाले सिलॅबसमध्ये नाही.

बेटा, सरांनी शिकवलं ते बरोबर आहे आणि तू बघितलंस तेही बरोबर आहे. तीन किंवा दोन हा मुळात नियमच नाहीये, खरा नियम वेगळा आहे आणि तीन आणि दोन हे त्यातून निघणारे सगळ्यात सोपे दोन प्रकार आहेत.

खरा नियम रंगाचा. क्वार्कला विद्युतभार असतोच, पण त्याशिवाय अजून एक भार असतो त्याला कलर चार्ज म्हणतात, डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही, फक्त तो तीन प्रकारचा असतो म्हणून लाल, हिरवा, निळा अशी नावं ठेवलीत. अँटीक्वार्कला अँटी-लाल, अँटी-हिरवा, अँटी-निळा. आणि अट अशी की जो कण मोकळा फिरणार तो एकूण रंगहीन असलाच पाहिजे. लाल, हिरवा, निळा तिन्ही एकत्र आले की रंगहीन, झाला प्रोटॉन. लाल आणि अँटी-लाल एकत्र आले की रंगहीन, झाला मेसॉन. आता तूच वही घे आणि पुढचं मांडून बघ. दोन क्वार्क दोन अँटीक्वार्क? जमतं. चार क्वार्क एक अँटीक्वार्क? जमतं. सहा क्वार्क? तेही जमतं. पण नुसते चार क्वार्क, अँटी एकही नाही, असं कितीही फिरवून मांडलंस तरी रंगहीन होणार नाही. हिशोब सोपा आहे, क्वार्कच्या संख्येतून अँटीक्वार्कची संख्या वजा कर, जे उरेल त्याला तीनने पूर्ण भाग गेला पाहिजे (शून्य उरलं तरी चालतं). आणि यातली सुंदर गोष्ट बघ, क्वार्कचे अप, डाउन असे प्रकार असतात, त्यात अप क्वार्कचा भार अधिक २/३ आणि डाउनचा उणे १/३, पण या हिशोबात बसणारा कुठलाही कण घे, त्याचा एकूण विद्युतभार पूर्णांकच येतो. करून बघ, मजा येईल.

हे काही नवीन शोधून काढलेलं नाहीये. १९६४ मध्ये मरे गेल-मान आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे जॉर्ज झ्वाइग यांनी क्वार्कची कल्पना मांडली, तेव्हा गेल-मान यांच्या त्या अगदी छोट्याशा पेपरमध्येच चार क्वार्क-एक अँटीक्वार्क आणि दोन-दोन अशा जोडण्या लिहिलेल्या आहेत. रंगाची कल्पना त्यानंतर आली. म्हणजे परवानगी पहिल्या दिवसापासून होती. मग सापडायला एवढी वर्षं का लागली? कारण अप, डाउन, स्ट्रेंज हे हलके क्वार्क घेऊन बनलेले असे कण इतक्या झटकन फुटतात आणि त्यांची वस्तुमानं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की कोण साधा मेसॉन आणि कोण चार क्वार्कवाला हे वेगळं काढताच येत नाही. १९७७ मध्ये रॉबर्ट जाफी यांनी म्हटलं होतं की काही हलके मेसॉन हे खरं तर चार क्वार्कचे असावेत, आणि त्यावर वाद आजही चालूच आहे. चित्र स्वच्छ झालं ते जड क्वार्क हातात आल्यावर. चार्म १९७४ मध्ये सापडला, बॉटम १९७७ मध्ये. चार्म आणि अँटीचार्मच्या जोडीचे कण कुठल्या कुठल्या वस्तुमानावर दिसायला पाहिजेत हे बरंच नेमकं काढता येतं, त्यामुळे त्या यादीत नसलेला पाहुणा आला की लगेच लक्षात येतो.

प्रश्न : ताई, हे कण तयार होताच नष्ट होतात असं तुम्हीच लिहिलंत. मग तो कण होता हे कोणी बघितलं? माझी शंका प्रामाणिक आहे, राग मानू नये. (निवृत्त बँक अधिकारी, लोकमान्य नगर)

राग कसला, हाच तर खरा प्रश्न आहे आणि तो विचारल्याशिवाय पुढचं काहीही खरं मानू नये.

त्या कणाला प्रत्यक्ष कोणीच बघत नाही. बघतात ते त्याचे तुकडे. कण फुटला की त्याची सगळी ऊर्जा आणि सगळा संवेग तुकड्यांमध्ये वाटला जातो, काहीही हरवत नाही. चुंबकीय क्षेत्रात तुकड्याची वाट किती वळली यावरून त्याचा संवेग कळतो, बाकीचे डिटेक्टर तो पायॉन आहे की केऑन (हे दोन हलके मेसॉन) की म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) ते सांगतात, आणि मग सगळ्या तुकड्यांची बेरीज करून आइन्स्टाइनच्या सूत्राने ते ज्यातून आले त्याचं वस्तुमान काढतात. हे एकदा करून काही कळत नाही, हजारो लाखो वेळा करायचं आणि ग्राफ काढायचा. तुकडे नुसते योगायोगाने जवळ आलेले असतील तर ग्राफ पसरट येतो, आणि खरंच एकाच कणातून आले असतील तर त्या कणाच्या वस्तुमानावर उंचवटा दिसतो. उंचवटा जितका रुंद तितकं आयुष्य कमी, ही अनिश्चिततेच्या तत्त्वाची देणगी आहे. रुंदी १०० एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक, प्रोटॉन ९३८ एमईव्हीचा) असेल तर आयुष्य साधारण दशांश चिन्हानंतर तेवीस शून्यं आणि मग सहा, इतके सेकंद. कुठलंही घड्याळ हे मोजू शकत नाही, ग्राफची रुंदी मोजू शकते.

उदाहरण म्हणून २००३ चा शोध सांगते कारण हा सगळा विषय नव्याने सुरू झाला तो तिथूनच. जपानमध्ये त्सुकुबाला केईके नावाची प्रयोगशाळा आहे, तिथे बेल नावाचा प्रयोग चालायचा, आपल्या टीआयएफआरचे (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) लोकही त्यात होते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) आपटून बी मेसॉन (बॉटम क्वार्क असलेले) बनवायचे आणि ते कसे फुटतात ते बघायचं. बी मेसॉन फुटून एक केऑन, एक जे-साय (चार्म-अँटीचार्मच्या जोडीचा कण) आणि दोन पायॉन आले अशा घटना त्यांनी वेगळ्या काढल्या आणि जे-साय अधिक दोन पायॉन यांच्या वस्तुमानाचा ग्राफ काढला. ३६८६ वर जे-सायचा ओळखीचा जड भाऊ साय-प्राइम दिसला, तो दिसणारच होता, पण पुढे ३८७२ एमईव्हीवर अजून एक बारीक टोक उभं होतं जे कोणाच्याच यादीत नव्हतं. नाव काय ठेवायचं तेही सुचेना म्हणून एक्स ३८७२. आणि त्याचं वस्तुमान बघा, डी-शून्य आणि डी-स्टार-शून्य या चार्मवाल्या दोन मेसॉनच्या वस्तुमानांची बेरीज केली की जे येतं तेच, एक एमईव्हीचासुद्धा फरक नाही! इतका मोठा योगायोग पचवणं कठीण आहे.

तरी एक्स ३८७२ ला विद्युतभार नाही, त्यामुळे कोणी म्हणू शकतं की हा चार्म-अँटीचार्मचाच काहीतरी विचित्र प्रकार असेल. पण मग भार असलेले कण आले. २००७ मध्ये बेलनेच झेड ४४३० दाखवला, आणि २०१४ मध्ये जिनिव्हाजवळच्या एलएचसी या प्रवेगकावरच्या एलएचसीबी प्रयोगाने तो तेरा सिग्माच्या वर पक्का केला. पाच सिग्मा म्हणजे योगायोगाने असा उंचवटा दिसायची शक्यता साधारण ३५ लाखांत एक, आणि तेवढ्यावरच शोध मानतात, तेव्हा तेरा म्हणजे शंकेला जागाच नाही. मधल्या काळात २०१३ मध्ये चीनच्या बेस-थ्री आणि बेल या दोघांनी झेड-सी ३९०० दाखवला. आता युक्तिवाद बघा किती सरळ आहे. हे कण फुटल्यावर त्यातून चार्म-अँटीचार्मची जोडी निघते, म्हणजे ती आत होती. त्या जोडीचा एकूण भार शून्य. पण कणाला तर एक भार आहे. तो आला कुठून? अजून किमान एक क्वार्क आणि एक अँटीक्वार्क आत असल्याशिवाय येऊच शकत नाही. म्हणजे किमान चार. यापेक्षा स्वच्छ पुरावा मला तरी माहीत नाही.

प्रश्न : मला पक्कं आठवतं, २००३-०४ च्या सुमारास पेपरात पाच क्वार्कचा कण सापडल्याची बातमी होती. मग २०१५ मध्ये परत पहिल्यांदाच सापडला अशी बातमी आली. शास्त्रज्ञ एकच गोष्ट दोनदा शोधतात का? (मेडिकल स्टोअर चालवणारे वाचक, जेल रोड)

तुमची आठवण पक्की आहे. या दोन बातम्या दोन वेगळ्या कणांच्या होत्या आणि त्यातली पहिली टिकली नाही. ही गोष्ट मला नीट सांगायचीय कारण शाळा-कॉलेजात फक्त यशाच्या गोष्टी सांगतात.

१९९७ मध्ये द्याकोनोव्ह, पेत्रोव्ह आणि पोल्याकोव्ह या तीन रशियन सैद्धांतिकांनी गणित करून सांगितलं की १५३० एमईव्हीच्या आसपास पाच क्वार्कचा एक हलका कण असावा, दोन अप, दोन डाउन आणि एक अँटी-स्ट्रेंज. यात खुबी अशी की तीन क्वार्कच्या कणात अँटी-स्ट्रेंज येऊच शकत नाही, त्यामुळे असा कण मिळाला तर दुसरा अर्थ लावायची सोयच नव्हती. २००३ मध्ये जपानमधल्या स्प्रिंग-८ इथल्या लेप्स प्रयोगाने १५४० वर उंचवटा दाखवला. थीटा-प्लस नाव दिलं. वर्षभरात जगातल्या जवळपास दहा प्रयोगांनी आम्हालाही दिसला असं म्हटलं, त्यात अमेरिकेच्या जेफरसन लॅबचा क्लास प्रयोगही होता. सगळीकडे आनंदीआनंद.

पण प्रत्येक ठिकाणी घटना फार थोड्या होत्या, कुठे वीस कुठे चाळीस, आणि बॅकग्राउंड वजा कसं करायचं, कुठल्या घटना ठेवायच्या कुठल्या टाकायच्या, यात थोडं इकडेतिकडे झालं की उंचवटा चढायचा किंवा उतरायचा. वस्तुमानही सगळ्यांचं जुळत नव्हतं. मग क्लासच्या लोकांनी काय केलं तर खास याच कणासाठी परत प्रयोग लावला, आधीपेक्षा कितीतरी जास्त डेटा घेतला, आणि २००५ पासून एकामागून एक निकाल दिले की उंचवटा नाही. जे आधी हो म्हणाले होते त्यांनीच नाही म्हटलं. मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे, आणि वर्गात शिकवताना मी पेंटाक्वार्कच्या शोधाआधी नेहमी हा न-शोध सांगायचे.

म्हणूनच २०१५ मध्ये एलएचसीबीची बातमी आली तेव्हा लोक आधी सावध होते. पण हा कण वेगळा, दोन अप, एक डाउन, एक चार्म, एक अँटीचार्म. लॅम्डा-बी नावाचा जड कण फुटून जे-साय, प्रोटॉन आणि केऑन येतात, अशा २६ हजारांच्या वर घटना त्यांच्याकडे होत्या. आणि नुसता उंचवटा दाखवून ते थांबले नाहीत, तुकडे कुठल्या कोनात उडाले तेही सगळं धरून पूर्ण विश्लेषण केलं, आधी फक्त ओळखीचे कण घालून डेटा जुळतो का बघितलं, तो जुळेना, दोन पेंटाक्वार्क घातले तेव्हा जुळला. ४३८० आणि ४४५०. दोन्ही नऊ सिग्मा किंवा त्याच्या वर. २०१९ मध्ये जवळपास नऊपट डेटा आला तेव्हा ४४५० चा एक उंचवटा प्रत्यक्षात दोन निघाले, ४४४० आणि ४४५७, आणि ४३१२ वर एक नवीनच दिसला. डेटा वाढला की खोटा उंचवटा विरघळतो आणि खरा उंचवटा जास्त तपशील दाखवतो, थीटा-प्लस आणि हे यांच्यातला फरक इथे आहे. रुंद असलेला ४३८० मात्र अजून तितका पक्का नाही, नव्या डेटाच्या सोप्या विश्लेषणात तो ना सिद्ध होतो ना खोटा ठरतो.

प्रश्न : हे चार-पाच क्वार्क आत बसतात कसे? सगळे एकाच गोळ्यात की वेगवेगळे? मी संगीत शिकवते, फिजिक्स दहावीनंतर सुटलं, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

ताई, तुम्ही फिजिक्स सोडलं असेल पण आत्ता जगातले शेकडो सैद्धांतिक ज्या प्रश्नावर भांडतायत तोच तुम्ही विचारलात.

दोन मुख्य मतं आहेत. ताटात एक मोठा लाडू दिसतोय, तर तो दोन लाडू वळून झाल्यावर एकमेकांना चिकटलेत, की चारही जणांचं सारण एकत्र करून मुळातच एक लाडू वळलाय? पहिल्या प्रकाराला रेणूसारखा कण म्हणतात. दोन साधे मेसॉन, किंवा एक मेसॉन एक बॅरिऑन (तीन क्वार्कचा कण), आपापल्या जागी रंगहीनच आहेत, आणि तरी थोड्याशा ओढीने जवळ राहिलेत. असं आपल्या ओळखीचं आहेच, ड्यूटेरॉन, म्हणजे जड पाण्यातल्या हायड्रोजनचं केंद्रक, त्यात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन फक्त २.२ एमईव्हीच्या बंधाने धरलेले असतात. दुसऱ्या प्रकारात चारही क्वार्क रंगाच्या जोरानेच एकमेकांत घट्ट गुंतलेले, कोणाची जोडी कोण हे सांगताच येत नाही.

आणि निसर्गाने दोन्ही प्रकारच्या खुणा दाखवल्यात म्हणून तर हे कठीण झालंय. पेंटाक्वार्क ४३१२ हा सिग्मा-सी (चार्मवाला एक बॅरिऑन, वरच्या सिग्माशी संबंध नाही) आणि अँटी-डी मेसॉन यांच्या वस्तुमानांच्या बेरजेच्या जरासाच खाली, ४४४० आणि ४४५७ हे सिग्मा-सी आणि अँटी-डी-स्टारच्या बेरजेच्या खाली. बेरजेच्या जरासं खाली म्हणजे थोडीशी ऊर्जा देऊन बांधलेली जोडी, रेणूचीच खूण. २०२१ मध्ये एलएचसीबीने टी-सी-सी नावाचा कण दाखवला, आत दोन चार्म, एक अँटी-अप, एक अँटी-डाउन, आणि तो डी आणि डी-स्टारच्या बेरजेपेक्षा साधारण एक तृतीयांश एमईव्हीने खाली. इतका सैल बंध म्हणजे दोघं एकमेकांपासून बरेच लांब राहणार, अंदाज असा की त्याचा पसारा प्रोटॉनच्या कितीतरी पट आहे.

उलट २०२० मध्ये एक्स ६९०० सापडला, दोन चार्म आणि दोन अँटीचार्म, हलका क्वार्क एकही नाही. रेणू बांधायला जे हलके मेसॉन इकडून तिकडे जावे लागतात ते इथे सहजी येणार कुठून? म्हणून माझं मत असं की हा घट्ट प्रकारचा असावा आणि दोन कणांच्या बेरजेच्या उंबरठ्यावर बसलेले बाकीचे बहुतेक रेणू असावेत. सगळे एकाच साच्यातले निघतील असं मला वाटत नाही. आणि क्वांटममध्ये एकाच कणात दोन्ही रूपं थोडी थोडी मिसळलेलीही असू शकतात, एक्स ३८७२ बद्दल बरेच जण असंच मानतात.

मग गणित करून सरळ सांगून का टाकत नाहीत? कारण हे गणित भयंकर आहे. क्वार्कमधल्या बळाचा सिद्धांत, क्यूसीडी, त्याचं समीकरण एका ओळीत मावतं. १९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर यांनी दाखवलं की क्वार्क एकमेकांच्या अगदी जवळ असताना हे बळ क्षीण होतं, त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. पण याचाच दुसरा अर्थ असा की लांब गेल्यावर बळ दांडगं होतं, आणि कागद-पेन्सिलने टप्प्याटप्प्याने उत्तर काढायची आपली नेहमीची पद्धत तिथे कोलमडते. रंग असा कोंडून का राहतो याची गणिती सिद्धता अजून कोणाकडेच नाही. त्याच्याशी जोडलेल्या, यांग-मिल्स सिद्धांताच्या एका प्रश्नावर क्ले संस्थेचं दहा लाख डॉलरचं बक्षीस २००० सालापासून तसंच पडून आहे.

उरतो मार्ग सुपरकॉम्प्युटरचा. अवकाश आणि काळ यांची बारीक जाळी करायची आणि जाळीच्या प्रत्येक गाठीवर समीकरण सोडवायचं, याला लॅटिस क्यूसीडी म्हणतात. यात आपले लोक खूप पुढे आहेत हे मुद्दाम सांगते, मुंबईच्या टीआयएफआरमध्ये नीलमणी माथुर यांचा गट दोन बॉटम क्वार्कच्या टेट्राक्वार्कवर आणि सहा क्वार्कच्या जड कणांवर काम करतो, चेन्नईच्या आयएमएससीमधले एम. पद्मनाथ यांनी टी-सी-सीवर काम केलंय. दोन बॉटमवाला कण हा मला सगळ्यात ओढ लावणारा. हिशोब म्हणतो की तो ज्या दोन मेसॉनमध्ये फुटू शकला असता त्यांच्या बेरजेच्या १०० ते २०० एमईव्ही खाली असेल, म्हणजे रंगाच्या बळाने फुटूच शकणार नाही, फक्त कमजोर बळाने सावकाश फुटेल. दोन जड क्वार्क एकमेकांच्या खूप जवळ बसतात आणि बाहेरून मिळून जणू एकाच जड अँटीक्वार्कसारखे वागतात, त्यामुळे दोन हलके अँटीक्वार्क त्याच्याभोवती छान बांधले जातात. प्रयोगात तो अजून दिसलेला नाही. दिसला तर घट्ट प्रकाराबद्दल शंका राहणार नाही.

प्रश्न : सहा क्वार्कचे कण पण सापडलेत का? आणि क्वार्कच नाही, नुसत्या ग्लुऑनचा कण असतो असं वाचलं. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, भंवरकुआं)

सहा क्वार्क तर ड्यूटेरॉनमध्येही आहेत, पण घट्ट प्रकारचा म्हणशील तर जर्मनीत युलिशच्या प्रयोगाने २३८० एमईव्हीवर एक उमेदवार दाखवलाय, अर्थ कसा लावायचा यावर एकमत नाही. ग्लुऑन म्हणजे क्वार्कमधलं रंगाचं बळ वाहणारे कण. नुसत्या ग्लुऑनचा, ग्लुबॉल, त्याला परवानगी आहे कारण ग्लुऑनला स्वतःलाच रंग असतो आणि ते एकमेकांना ओढतात. लॅटिसप्रमाणे सगळ्यात हलका १५०० ते १७०० एमईव्हीच्या आसपास हवा, पण तिथे साधे मेसॉनही दाटीवाटीने आहेत आणि ते एकमेकांत मिसळतात, त्यामुळे हाच तो असं बोट ठेवता येत नाही.

प्रश्न : आपल्या कॅटचा या सगळ्याशी काही संबंध आहे का हो? आम्ही रोज कॅट रोडवरून जातो, आत काय चालतं कळत नाही. (राजेंद्र नगर)

आहे, आणि थेट आहे! कॅट म्हणजे आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, नाव बदलून बरीच वर्षं झाली तरी इंदूरकर कॅटच म्हणणार.

जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटरची एलएचसीची रिंग आहे, वर सांगितलेले पेंटाक्वार्क तिथेच सापडले. त्यात मुख्य वळवणारे चुंबक १२३२, एकेक साधारण १५ मीटर लांब आणि ३० टनांच्या वर. प्रोटॉनचा झोत नीट फिरायचा तर हे अजस्र चुंबक केसाच्या जाडीपेक्षा कमी फरकाने जागेवर बसवावे लागतात आणि जमीन हलली तर परत सरकवावे लागतात. प्रत्येक चुंबक तीन जॅकवर टेकलेला असतो, आणि ते जॅक भारताने दिले, सात हजारांच्या आसपास, आणि त्यांचं डिझाइन आपल्या कॅटमध्ये झालं. झोतातल्या बारीक चुका दुरुस्त करणारे सुपरकंडक्टिंग करेक्टर चुंबकही भारतातून गेले, त्यातही कॅटचा मोठा हात होता. म्हणजे एलएचसीबीने मोजलेला प्रत्येक पेंटाक्वार्क ज्या झोतातून आला तो झोत इंदूरच्या डिझाइनवर उभ्या असलेल्या चुंबकांमधून फिरलेला आहे, आणि हे इथल्या प्रत्येक शाळेत सांगितलं गेलं पाहिजे असं मला फार वाटतं.

कॅटमध्ये स्वतःचे इंडस-१ आणि इंडस-२ हे इलेक्ट्रॉन फिरवणारे सिंक्रोट्रॉन आहेत, पण ते क्वार्कसाठी नाहीत, त्यांच्या प्रकाशाने पदार्थांचा अभ्यास करतात. आणि सिमरोलला आयआयटी इंदूरचा गट एलएचसीवरच्याच ॲलिस प्रयोगात आहे.

प्रश्न : याचा माणसाला उपयोग काय? (तीन पत्रांत हाच प्रश्न)

टेट्राक्वार्कपासून कुठलं यंत्र बनणार नाही, निदान आज तरी तसं काही दिसत नाही. पण प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ एमईव्ही आहे आणि त्यातल्या तीन क्वार्कची स्वतःची वस्तुमानं मिळून जेमतेम ९. बाकी जवळपास ९९ टक्के वस्तुमान हे त्या रंगाच्या बळाच्या ऊर्जेचं. तुमचं माझं वजन, राजवाड्याच्या दगडाचं वजन, सगळं तिथून येतं. आणि हेच बळ आपल्याला नीट सोडवता येत नाही. प्रोटॉनकडे कितीही बघितलं तरी एका मर्यादेपलीकडे नवीन कळत नाही, कारण सगळे अंदाज आधीच प्रोटॉनला जुळवून घेतलेले असतात. चार-पाच क्वार्कचे कण हे त्या अंदाजांची अशी परीक्षा घेतात की जिचा पेपर आधी कोणी बघितलेला नाही, आणि त्यात आतापर्यंत बरेच अंदाज नापास झालेत. न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यात काय असेल हे सांगायलाही हेच बळ कळावं लागतं.

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे आणि तिला हेच करायचंय म्हणते. घरचे म्हणतात यात नोकरी नाही. काय करावं? (एक आई, विजय नगर)

करू द्या. काळजी समजते, पण या विषयात शिकलेली मुलं डेटा, कॉम्प्युटिंग, मेडिकल फिजिक्स अशा ठिकाणी चांगली लागतात, मी माझ्या विद्यार्थिनींमध्ये हे बघितलंय, आणि ज्यांना संशोधनातच राहायचं त्यांच्यासाठी वाट लांब पण सरळ आहे. आयसर, नायसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्था. आयसरसाठी आयएटी परीक्षा, आपल्याला भोपाळचं आयसर जवळ. नायसरसाठी नेस्ट. किंवा इथल्याच कॉलेजातून बीएस्सी करून जॅम देऊन आयआयटीत एमएस्सी, नाहीतर आपल्या देवी अहिल्या विद्यापीठात एमएस्सी, आणि मग पीएचडीसाठी जेस्ट, नेट किंवा टीआयएफआरची परीक्षा. कोचिंगपेक्षा लिनियर अल्जिब्रा आणि पायथन हे दोन तिने आत्तापासून धरावेत.

आणि परीक्षा झाल्यावर सुट्टीत तिला एक काम सांगा. एलएचसी चालवणाऱ्या सर्न संस्थेने आपला खरा डेटा ओपन डेटा पोर्टलवर सगळ्यांसाठी फुकट ठेवलाय. त्यात सीएमएस प्रयोगाच्या दोन-म्युऑनवाल्या घटनांच्या फायली आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. दोन म्युऑनचे संवेग घ्यायचे, वस्तुमान काढायचं, ग्राफ काढायचा. ३.१ जीईव्हीवर (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) तिला जे-सायचा उंचवटा स्वतःच्या हाताने दिसेल, थोडं पुढे ९.५ वर बॉटम-अँटीबॉटमचा अप्सिलॉन, आणि ९१ वर झेड बोसॉन. जे-सायच पकडून पुढे टेट्राक्वार्क आणि पेंटाक्वार्क शोधतात, तेव्हा सुरुवात तिने तिथूनच करावी, आणि ग्राफ आला की मला पाठवायला सांगा, पुढच्या अंकात छापू.